प्रबंध लिहायचाय? मग आधी कीबोर्ड बघा!

पीएचडीसाठी लॅपटॉप घेताना आपण रॅम बघतो, प्रोसेसर बघतो. कीबोर्डचा विचार मात्र बहुतेकदा मनगट दुखायला लागल्यावरच होतो. प्रबंध, पेपर, कोड, ईमेल हे सगळं धरलं तर पुढची चार-पाच वर्षं आपले हात रोज त्यावरच असणार आहेत. म्हणून किमतीच्या आधी या गोष्टी तपासा.

हातांची ठेवण : लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेले असतात. स्क्रीन डोळ्यांसमोर आणली की हात उचलावे लागतात, हात खाली ठेवले की मान वाकते. उपाय साधा आहे. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवा आणि कीबोर्ड वेगळा जोडा. कोपर साधारण काटकोनात आणि मनगट सरळ राहायला हवं. कीबोर्डच्या मागचे छोटे पाय उघडले तर मनगट वर वाकतं, ते मिटलेलेच बरे.

आकार : पूर्ण कीबोर्डला साधारण १०४ बटणं असतात. उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेल्याला ८७. तो भाग नसला की माऊस जवळ येतो आणि उजव्या खांद्यावरचा ताण कमी होतो. पण एक्सेलमध्ये रोज रीडिंग्ज भरायची असतील तर आकडे हवेतच. अशा वेळी वेगळं नंबरपॅड घेता येतं, ते डावीकडेही ठेवता येतं.

बटणं : स्वस्त कीबोर्डमध्ये बटणाखाली रबर असतं आणि ते जवळपास तळापर्यंत दाबावं लागतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्प्रिंग असते. चेरी एमएक्स रेडसारख्या स्विचमध्ये बटण एकूण ४ मिमी खाली जातं, पण अक्षर २ मिमीलाच उमटतं. म्हणजे जोर लावायची गरज नाही. लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी बोटाला हलका टप्पा जाणवून देतो, निळा टिकटिक वाजतो. निळा घेण्याआधी लॅबमधल्या शेजाऱ्याला विचारा! हे कीबोर्ड उंच असतात, त्यामुळे तळहाताखाली आधार लागू शकतो.

मराठी टायपिंग : इन्स्क्रिप्टसाठी नवा कीबोर्ड लागत नाही, सेटिंगमध्ये भाषा जोडली की झालं. त्यात स्वर डावीकडे, व्यंजनं मुख्यतः उजवीकडे आहेत. ‘क’च्याच बटणावर शिफ्ट धरली की ‘ख’, ‘ग’च्या बटणावर ‘घ’. म्हणजे डाव्या करंगळीला शिफ्टचं काम बरंच पडतं. मराठीत लिहिणाऱ्यांनी डावी शिफ्ट मोठी असलेला कीबोर्ड निवडावा.

घेण्याआधी मित्राच्या कीबोर्डवर दोन पानं टाइप करून बघा, दुकानात चार बटणं दाबून काही कळत नाही. आणि कीबोर्ड कितीही चांगला असला तरी मधेमधे उठा. बोटांना वारंवार मुंग्या येत असतील तर मात्र खरेदी थांबवून आधी डॉक्टरांकडे जा. प्रबंध महिनाभर उशिरा देता येतो, हात बदलून मिळत नाहीत.