परदेशी चूल बांधायला जाण्याआधी

शिक्षण पूर्ण झालेली काही मुलेमुली वर्षभर आफ्रिकेतील खेड्यांत सेवेसाठी जाण्याची इच्छा घरात बोलून दाखवतात. शाळेची डागडुजी, झाडे लावणे यांबरोबर सुधारित चुली बांधण्याचे कामही तेथे स्वयंसेवकांना मिळते. आईवडिलांनी अशा वेळी लगेच ‘नको’ म्हणू नये. काम मोलाचे आहे. मात्र त्याची तयारी पलूसमध्येच सुरू करता येते.

जगात आजही सुमारे 210 कोटी लोक लाकूड, शेणी, कोळसा किंवा रॉकेलवर स्वयंपाक करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे 2020 या एका वर्षात 32 लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून जास्त मुले होती. आफ्रिकेच्या अनेक खेड्यांत अजून तीन दगडांची चूल आहे. तिच्या चारही बाजू उघड्या असल्याने बरीच उष्णता वाया जाते आणि जळण अर्धवट जळून धूर होतो. सुधारित चुलीत जाळ बंदिस्त असतो, खालच्या जाळीतून हवा मिळते, आच थेट भांड्याला लागते. धुराडे असले तर धूर घराबाहेर जातो.

ही विद्या आपल्या शेजारीच वाढली. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने पुणे आणि सातारा जिल्ह्यातील फलटण येथून सुधारित चुलींवर काम केले, ग्रामीण कारागिरांना चुली बनवायला शिकवले. कृष्णाकाठी ऊस तुटला की शेतात पाचट पेटवले जाते. त्याच पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीला 2002 मध्ये लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या लहान बायोगॅस संयंत्राला 2006 मध्ये पुन्हा तोच पुरस्कार मिळाला आणि हे संयंत्र टांझानियापर्यंत पोहोचले.

यशाबरोबर अपयशाचा धडाही आपल्याच देशात आहे. 1983 च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. पुष्कळ चुली लवकरच तडकल्या, धुराडी काजळीने भरली आणि बायका जुन्या चुलीकडे वळल्या. पुढे ओडिशातील 44 गावांत संशोधकांनी चार वर्षे पाहणी केली. पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. नंतर चुलीचा वापर व निगा कमी होत गेली आणि तो फायदा उरला नाही.

विहीर, झाड, मदरसा यांना आपण सदका-ए-जारिया मानतो, कारण देणारा निघून गेला तरी त्यांचा उपयोग चालू राहतो. चुलीलाही हीच कसोटी लावावी. स्वयंसेवक काही काळाने परत येतो. त्यानंतर तडा कोण लिंपणार, धुराडे कोण साफ करणार, हे आधी ठरले पाहिजे. आफ्रिकेतील मलावी देशात ‘चिटेटेझो म्बाउला’ नावाची मातीची चूल गावातील स्त्रियांचे गट स्वतः बनवून विकतात. चूल फुटली तर दुसरी जवळच मिळते.

दुसरी गोष्ट जेवणाची. भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी इंगळावर फुगवायची असते. चुलीचे तोंड फार अरुंद असेल, तर ती चूल आपल्या आजीने नाकारलीच असती. मलावीतील न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट मुटका. तो जोर लावून घोटावा लागतो, म्हणून भांडे हलता कामा नये. हे कागदावरील नकाशावरून कळत नाही. रांधणाऱ्या बाईजवळ बसावे लागते.

म्हणून जाणाऱ्या मुलामुलींनी आधी चूल लिंपायला शिकावे, त्यावर स्वतः भाकरी भाजून पाहावी. पाठवणाऱ्या संस्थेला तीन प्रश्न विचारावेत: गावातील कोणाला काम शिकवणार? वर्षाने चुली पाहायला कोण जाणार? गावातील बायकांनी ही चूल मागितली आहे का?

सरावासाठी जागाही दूर नाही. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पलूस तालुक्यातील शिवारात पडतात. तेथे पहाटे तीन दगडांवरच जाळ पेटतो आणि आईच्या शेजारी मूल निजलेले असते. या माणसांना सतत मुक्काम हलवावा लागतो. धुराड्याची पक्की चूल त्यांच्या उपयोगाची नाही, बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर टाकून नेता येईल अशी सुटी चूल हवी. सुट्टीतील चार रविवार तेथे द्यावेत. बायका काय सांगतात ते ऐकून एक चूल करावी, पुढच्या हंगामात ती टिकली का, हे जाऊन पाहावे. मग पासपोर्टचा अर्ज खुशाल भरावा.