फेरफार केलेली थार विकण्यापूर्वी

कुटुंब वाढले, वृद्ध मातापित्यांना उंच पायरी चढवेना, म्हणून लाडकी थार विकून तीन रांगांची प्रशस्त गाडी घेण्याचा ज्यांचा विचार दृढ झाला असेल, त्यांनी प्रथम नोंदणीपुस्तक आणि प्रत्यक्ष वाहन यांचा मेळ तपासावा. कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलास मुभा देत नाही. रुंद टायर, उंचावलेले सस्पेन्शन, विंच हा साज हौशी माणसास अनमोल. सामान्य गिऱ्हाइकास मात्र चाकाच्या कमानीतील घासल्याच्या काळ्या खुणाच आधी दिसतात. तेव्हा मूळ चाके व स्प्रिंगा परत बसवून साज समानधर्मी मंडळींना स्वतंत्र विकावा, हे मला सर्वथा श्रेयस्कर वाटते. व्यवहार ठरताच नमुना २९ व ३० दाखल करून हस्तांतरण दफ्तरी नोंदवून घ्यावे. तोवर अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदलेल्या मालकावरच येते.