एकाच लेखकाची दोन पुस्तके

पक्षी पाहायला निघालेल्या मुलांच्या हाती आपण मार्गदर्शक पुस्तक देतो. शास्त्रज्ञाचे आत्मचरित्र मात्र ‘प्रेरणा मिळावी’ म्हणून वाचायला सांगतो. या दोन्हींतून मुले नेमके काय घेतात? सलीम अलींनी दोन्ही प्रकारची पुस्तके लिहिली आहेत. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे मार्गदर्शक १९४१ चे, तर ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे आत्मचरित्र १९८५ चे.

मार्गदर्शकात पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, मैना अशा ओळखीच्या पक्ष्यांच्या तुलनेत सांगितलेला असतो. त्यामुळे नुसते ‘बघणे’ संपून नेमके काय बघायचे ते कळते. पण हे ज्ञान तयार स्वरूपात मिळते. ते कसे मिळवले, याचा तिथे पत्ता नसतो.

तो आत्मचरित्रात लागतो. लहानग्या सलीमने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड यांनी ती ओळखून दिली, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. सुरुवात झाली ती एका प्रश्नाने आणि तो गंभीरपणे घेणार्‍या मोठ्या माणसामुळे.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. एका घरट्याजवळ बसणारा नर त्याने मारला, तर मादीला दुसरा नर मिळाला. सात दिवसांत असे आठ नर त्याने टिपले. मुलाच्या लेखी हा शिकारीचा पराक्रम होता. पण त्याने आकडा लिहून ठेवला, म्हणून पुढे त्याच नोंदीला शास्त्रीय अर्थ आला.

१९३० साली जर्मनीहून शिकून परतल्यावर त्यांना नोकरी उरली नव्हती. ते किहीमला राहायला गेले आणि पावसाळ्यात घराजवळच्या सुगरणींचे निरीक्षण करू लागले. नाव ‘सुगरण’, पण विणतो नर! घरटे अर्धे झाले की माद्या पाहणीला येतात. मादीला ते पसंत पडले तर नर ते पूर्ण करतो आणि दुसरे विणायला घेतो. हे निरीक्षण १९३१ साली प्रसिद्ध झाले.

आम्ही शिकत असताना प्रयोगाचे जर्नल आदल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवत असू. उत्तर आधी, रीडिंग मागाहून! हातपुस्तिकेचा अर्थ आम्ही ‘असेच आले पाहिजे’ असा घेतला होता. एखाद्या संशोधकाच्या आठवणी तेव्हा वाचल्या असत्या, तर न जुळणारे रीडिंग खोडण्याऐवजी जपले असते.

आत्मचरित्रही डोळे मिटून वाचू नये. ते म्हातारपणी लिहिलेले असते आणि स्मृती घटना सोयीने लावून घेते. त्या त्या वेळी केलेली नोंद अधिक भरवशाची. मुलांना हाही फरक दाखवावा.

पावसाळ्यात शाळेजवळ सुगरणींची वसाहत असेल, तर दर आठवड्याला पूर्ण आणि अर्धवट घरटी मोजून तारखेसह लिहायला सांगावे. काही घरटी अर्धवटच का राहिली, हा प्रश्न मुलांकडून येऊ द्यावा. उत्तराची घाई करू नये. पुस्तक त्यानंतर उघडावे.