जागेत पैसा घालण्यापूर्वी

सोलापूरच्या माणसाजवळ चार पैसे साठले की त्याच्या मनात पहिला विचार जागेचा येतो. यंत्रमागावर राबणारा असो, नवी पेठेत दुकान चालवणारा असो, की शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी असोत, "बँकेत ठेवून काय मिळतंय हो? एखादा प्लॉट घेऊन टाका की!" असा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. सल्ला अगदीच वाईट नाही. पण प्लॉट ही 'घेऊन टाकायची' वस्तू नव्हे. भाजी घेताना आपण दोन गाड्यांवर भाव विचारतो आणि आयुष्याची पुंजी घालताना मात्र एका दुपारी इसार देऊन मोकळे होतो. तेव्हा या व्यवहारात प्रथमच पाऊल टाकणाऱ्याने काय शिकावे, आणि कोणत्या क्रमाने शिकावे, याचा थोडा विचार करू.

पहिला धडा हिशेबाचा. स्थावरात घातलेला पैसा दोन वाटांनी परत येतो. एक भाडे आणि दुसरी वाढलेली किंमत. समजा, तीस लाखांचे घर घेतले आणि महिना आठ हजार रुपये भाडे आले. वर्षाचे ९६,००० झाले, म्हणजे शेकडा ३.२. त्यातून घरपट्टी, दुरुस्ती आणि भाडेकरू बदलताना रिकामा गेलेला महिना वजा करा. हाती अडीच टक्के राहिले तरी पुष्कळ. "कर्ज काढू आणि भाड्यातून हप्ता फेडू" असे म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. वीस लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी घेतले, तर पहिल्या वर्षीचे व्याजच जवळजवळ एक लाख ऐंशी हजार होते. उरलेले पैसे पगारातून किंवा दुकानातूनच घालावे लागतात.

मोकळ्या प्लॉटला तर भाडेही नाही. तेथे सारी भिस्त किमतीवर. "दहा वर्षांत दुप्पट झाली बघा" हे वाक्य कानाला फार गोड लागते. पण दहा वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे सव्वासात टक्के. शिवाय खरेदीच्या वेळी मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून किमतीच्या सहा-सात टक्क्यांच्या घरात खर्च होतो, तो वेगळाच. म्हणून वर्ष-दोन वर्षांत विकून नफा काढू, अशा बेताने नवख्याने जागेत शिरू नये. आणि मुलीच्या लग्नाचा किंवा आजारपणासाठी ठेवलेला पैसा यात कधीही घालू नये. जागा हवी त्या दिवशी विकली जात नाही.

दुसरा धडा कागदांचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. शहराबाहेरच्या जमिनीचा पहिला कागद म्हणजे सातबारा, अर्थात गाव नमुना ७ आणि १२. सातवर जमीन कोणाच्या नावावर आहे ते असते, बारावर पीकपाणी. नवखा माणूस फक्त नाव पाहतो. पण पाहायचे असते ते 'इतर हक्क' या सदरात. बँकेचा बोजा, कुळाचे नाव, वारसांचे हक्क तेथे सापडतात. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, हेही पाहावे. वर्ग २ च्या जमिनीवर विक्रीची बंधने असतात. मग फेरफार उतारे काढून नावे कशी बदलत आली, याची साखळी जुळवावी. शहरातल्या पेठांतून मात्र सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक पाहावे लागते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. मालकीचा शेवटचा पुरावा तो नव्हे. मालकीची खात्री करायची तर वकिलाकडून तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यावा आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. या खर्चाकडे पाहून हात आखडू नये. तसेच, शेतकरी नसलेल्या माणसाला १९४८ च्या कुळकायद्यामुळे शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही, हेही आधीच माहीत असावे.

आता गुंठ्याच्या प्लॉटविषयी. चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेताचे असे एक-एक गुंठ्याचे तुकडे पाडून, चुन्याच्या रेघा ओढून, ते विकण्याचा प्रकार सोलापूरच्या चहूबाजूंना झाला, तसा महाराष्ट्रातल्या अनेक शहरांभोवती झाला. घेणारा बहुधा हातावर पोट असलेला. "आत्ता शंभराच्या बाँडवर नोटरी करू, नोंदणी मागाहून बघू" असे त्याला सांगतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरीने मालकी येत नाही. नुसत्या मुखत्यारपत्रानेही येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले. साठेखत म्हणजे विकण्याचा करार. मालकी देते ते खरेदीखत. शेताच्या तुकड्यांवर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचेही बंधन आले. गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ साली कायदा झाला आणि त्याची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवून मिळाली. म्हणून "पुढे होईल नियमित" या भरवशावर आज नवा तुकडा घेणे शहाणपणाचे नाही. बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन हाती घेऊनच पुढे बोलावे.

तिसरा धडा पायांनी शिकायचा. जागा उन्हाळ्यात पाहावी आणि पावसातही पाहावी. नळाला पाणी किती दिवसांआड येते, हे विकणाऱ्याला विचारू नये; शेजारच्या बाईंना विचारावे. रस्ता नकाशावर आहे की नुसता बोलण्यात आहे, ते महापालिकेच्या विकास आराखड्यात पाहावे. अफवेवर भाव चढतात, हे तर आपण डोळ्यांनी पाहिले. बोरामणीच्या नियोजित विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षे चालली. विमाने मात्र ९ जून २०२५ पासून उडू लागली ती होटगी रस्त्यावरच्या जुन्याच विमानतळावरून! आणि विमानतळाच्या आसपास इमारतीच्या उंचीवर मर्यादा येते, हा दुसरा विचार. भाड्याचे घर घ्यायचे, तर तेथे राहणारा माणूस कोठे कामाला जातो, हे पाहावे. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांच्या भोंग्याभोवती वस्ती वाढली. त्या बंद पडल्या आणि त्या वस्त्यांचे दिवस पालटले. आज हीच गोष्ट कारखाना, कॉलेज आणि दवाखाना यांची आहे.

तयार होत असलेल्या इमारतीत फ्लॅट घ्यायचा असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवरच्या किंवा आठांहून अधिक घरांच्या प्रकल्पाला ही नोंदणी लागते. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बांधणाऱ्याला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशातला सत्तर टक्के भाग त्याला त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. हा २०१६ चा कायदा ग्राहकाच्या हातची काठी आहे. ती घरात ठेवून बाहेर पडू नये.

तेव्हा सुरुवात कशी करावी? पहिले सहा महिने एक पैसाही न देता शिकावे. आपल्या माहितीचा एकच भाग निवडावा, जुळे सोलापूर म्हणा, शेळगी म्हणा. तेथील दहा जागा पाहाव्यात, भाव एका वहीत लिहावेत, आणि विचारलेला भाव व प्रत्यक्ष नोंदणी झालेला भाव यांतले अंतर पाहावे. आपल्या स्वतःच्या घराचे उतारे काढून वाचायला शिकावे. मग झेपेल एवढाच पहिला व्यवहार करावा. खरेदीनंतर फेरफार नोंदवावा, सरकारी मोजणी करून हद्दीला कुंपण घालावे, आणि कोणता कागद कोठे ठेवला आहे, ते बायकोला आणि मुलांना सांगून ठेवावे. तुमच्या पश्चात त्या जागेसाठी धावणार आहेत ती तीच मंडळी.