एक तिसरा आणि तो तिसरा
कॅरल रीडच्या 1949 सालच्या ‘द थर्ड मॅन’ या चित्रपटात युद्धानंतरचं व्हिएन्ना आहे. हॅरी लाइम मोटारीखाली सापडून मेला आणि दोघांनी त्याला रस्त्यावरून उचलून नेलं, अशी साक्ष मिळते. इमारतीचा रखवालदार मात्र सांगतो की उचलणारे तिघं होते. ग्रॅहम ग्रीनच्या कथेचा पेच इथून घट्ट होतो. रखवालदाराचं हे म्हणणं इंग्रजीत मांडायचं तर ‘देअर वॉज अ थर्ड मॅन’ असंच मांडावं लागतं, कारण ऐकणाऱ्याच्या हिशेबात तोवर दोघंच आहेत आणि तिसऱ्याची भर आत्ता पडते आहे. ती पडली की पुढचा प्रश्न होतो, ‘हू वॉज द थर्ड मॅन?’ चित्रपटाचं नाव या प्रश्नातून आलेलं आहे. माणूस तोच, त्याच्याबद्दलची माहिती पुढे सरकली, म्हणून उपपद बदललं.

आपल्याकडे शाळेत मुलं पाठ करतात, ‘क्रमवाचक संख्येच्या आधी द लावा.’ नियम खोटा नाही, पण अर्धाच आहे, आणि राहिलेला अर्धा भाग शिकवला जात नाही याची मला खंत वाटते. ‘द’ आला की रांग ठरलेली असते आणि आपण तिच्यातल्या एका जागेवर बोट ठेवतो. ‘अ’ आला की क्रम मागे पडतो आणि ‘आणखी एक’ हा अर्थ वर येतो. ‘शी रँग द बेल अ सेकंड टाइम’ म्हणजे तिने पुन्हा बेल वाजवली. ‘द सेकंड टाइम शी रँग’ असं वाक्य सुरू झालं, तर तिने एकाहून जास्त वेळा बेल वाजवली हे गृहीत आहे. आता त्या दुसऱ्या खेपेला काय घडलं ते ऐकायचं. डॉक्टरांच्या बाबतीत आपण ‘अ सेकंड ओपिनियन’ घेतो तेही याच न्यायाने. ते मत कुठे ठरलेलं नसतं, आपण ते आणखी मागतो.

हा फरक इतिहासातही उमटला आहे. 1914 ते 1918 च्या युद्धाला इंग्रजीत बराच काळ ‘द ग्रेट वॉर’ म्हणत. पुन्हा तसंच युद्ध पेटेल ही भीती जोवर भीतीच होती, तोवर ते ‘अ सेकंड वर्ल्ड वॉर’ होतं. 1939 मध्ये ते खरंच सुरू झालं. चर्चिलच्या सहा खंडांचा पहिला खंड 1948 मध्ये निघाला, तेव्हा ग्रंथाचं नाव ‘द सेकंड वर्ल्ड वॉर’ होतं. तिसऱ्याविषयी इंग्रजी आजही बहुधा ‘अ थर्ड वर्ल्ड वॉर’ असंच लिहिते. त्या ‘अ’मध्ये ते युद्ध अजून झालेलं नाही, एवढा दिलासा आहे.

‘अ थर्ड’ला आणखी एक अर्थ चिकटलेला आहे, तो अपूर्णांकाचा. ‘अ थर्ड ऑफ द व्होटर्स’ म्हणजे एक तृतीयांश मतदार, ‘द थर्ड व्होटर’ म्हणजे रांगेतला तिसरा. ‘अ सेकंड’ मात्र अर्धा होत नाही. अर्ध्याला इंग्रजीत स्वतंत्र शब्द आहे. ‘फर्स्ट’चं काय? पहिला एकच असणार, तेव्हा तिथे ‘अ’ला वाव नाही असं वाटतं. पण जुनी पुस्तकं जमवणारा ‘अ फर्स्ट एडिशन’ विकत घेतो, म्हणजे पहिल्या आवृत्तीची एखादी प्रत. ‘द फर्स्ट एडिशन’ म्हटलं की बहुधा ती अख्खी आवृत्ती डोळ्यांपुढे येते. ब्रिटिश विद्यापीठांत ‘अ फर्स्ट’ मिळणं म्हणजे पहिल्या वर्गात पदवी मिळणं. ती एकाच वर्षी अनेकांना मिळते.

मराठीत उपपदं नाहीत, तरी हा भेद आपल्याला परका नाही. ‘हा पेन उमटत नाही, दुसरा दे’ असं म्हणताना कोणी पेन मोजत नाही. अडचण येते ती लिहिताना, कारण ‘दुसरा’, ‘तिसरा’ हेच शब्द आपल्याकडे दोन्ही कामं करतात. निवडणुका आल्या की ‘तिसरी आघाडी’ हे शब्द मथळ्यांत दिसू लागतात. बोलणी चालू असताना इंग्रजी बातमीत ‘अ थर्ड फ्रंट’ असतं, आघाडी उभी राहिली की ‘द थर्ड फ्रंट’ होतं. मराठी मथळ्यात दोन्ही वेळा शब्द तेच, म्हणून आघाडी झाली की व्हायची आहे हे आपल्या उपसंपादकाला क्रियापदातूनच सांगावं लागतं.