बटण सोळा अँपिअरचं, पण कुठल्या विजेसाठी?

ई-रिक्षात साधारणपणे 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडून 48 व्होल्ट मिळवतात. दिवे, हॉर्न आणि गाण्यांचा डबा मात्र 12 व्होल्टवर चालतो, म्हणून मध्ये कन्व्हर्टर बसतो. त्याला वेगळं बटण लावायची वेळ आली की गॅरेजात कुणीतरी म्हणतंच, "घरातलं सोळा अँपिअरचं बटण लाव. 230 व्होल्ट झेलतं, 48 ला काय होतंय?"

नेमकी गफलत इथेच आहे. घरातला एसी प्रवाह 50 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 100 वेळा शून्यावर येणारा. बटण बंद करताना आतल्या पत्र्यांमध्ये ठिणगी पेटते आणि प्रवाह शून्यावर आला की विझते. बॅटरीचा डीसी प्रवाह असा शून्यावर येत नाही. ठिणगी लांबत जाते, पत्र्यांची टोकं जाळते आणि बटणाचं प्लास्टिकही वितळवू शकते. बटणावरचा आकडा नीट वाचा. 250 व्होल्टपुढे नागमोडी रेघ असेल, तर तो भरवसा एसीपुरता आहे. डीसीची खूण म्हणजे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. एकाच रिलेवर एसीसाठी 250 आणि डीसीसाठी जेमतेम 30 व्होल्ट लिहिलेले सर्रास सापडतात.

"मग मोटारीचं बटण घेऊ, ते डीसीचंच असतं." हे अर्धं खरं. ते 12 किंवा 24 व्होल्टसाठी केलेलं असतं, आणि 48 व्होल्टचा संच चार्ज होताना 57-58 व्होल्टपर्यंत चढतो. मी तरी 72 व्होल्ट डीसीच्या खालचं बटण घेणार नाही. मोटारीतल्या नेहमीच्या पात्याच्या फ्यूजचंही तेच: तो 32 व्होल्टचा. फ्यूज डीसीचा, पुरेशा व्होल्टचा आणि वायरला झेपेल एवढ्याच अँपिअरचा हवा, आणि तो बॅटरीच्या प्लस टर्मिनललगत बसवावा. बटण आहे म्हणून फ्यूज नको, हे म्हणणं तर सोडूनच द्या. वायर घासून शॉर्ट झाली तर बटण आपणहून बंद होत नाही.

"120 वॅटचा कन्व्हर्टर, 48 व्होल्टवर तीन अँपिअरसुद्धा घेत नाही, मग छोटं बटण पुरेल." चालू असताना पुरेलही. पण कन्व्हर्टरच्या तोंडाशी रिकामे कपॅसिटर असतात. बटण दाबताच ते क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतात, आणि त्या झटक्यात पत्रे एकमेकांना चिकटू शकतात. मग बटण बंद दिसतं, पण कन्व्हर्टर चालूच.

यावर सोपी वाट अशी, की काही कन्व्हर्टरना चालू-बंदसाठी स्वतंत्र बारीक वायर दिलेली असते. तिच्यातून अगदी किरकोळ प्रवाह जातो, त्यामुळे साधं छोटं बटणही टिकतं. मात्र त्या वायरवर किती व्होल्ट येतात ते कन्व्हर्टरच्या लेबलवर पाहून घ्यावं. या बटणाने कन्व्हर्टर थांबतो, बॅटरी तुटत नाही. दुरुस्तीसाठी डीसीचा मुख्य स्विच वेगळा लागतोच.