न झालेल्या झुंजीचा निकाल



मागच्या महिन्यात शब्बाथ सुटल्यावर आमच्या घरी एक वाद झाला, त्यातूनच हा लेख लिहायचं मनात आलं. माझा नातू बारा वर्षांचा आहे. मला ‘सबा’ म्हणतो, मराठी सगळं समजतो, पण उत्तर हिब्रूत देतो. कॉम्प्युटरवर जुन्या बॉक्सिंगच्या झुंजी बघायचं त्याला भारी वेड. त्याने विचारलं, “सबा, डेम्प्सी मोठा की विल्स?” मी म्हटलं, “अरे, ते दोघं एकमेकांशी कधी लढलेच नाहीत.” तर म्हणाला, “मग ठरवायचं कसं?”

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे गावच्या जत्रेत कुस्तीची जोड ठरायची आणि एखादा पैलवान ऐनवेळी आलाच नाही, तर दुसरा आखाड्यात शड्डू ठोकून उभा राहायचा आणि लोक आपला निकाल देऊन मोकळे व्हायचे. बॉक्सिंगमध्ये काम इतकं सोपं नाही. तिथे मॅनेजर, झुंज भरवणारे, सरकारी परवाने आणि पैशांच्या थैल्या मध्ये असतात. झुंज कोणी टाळली हे शंभर वर्षं झाली तरी लोक भांडून ठरवतात.

तर बालदोस्तांनो (ज्यांना आजी-आजोबा हे वाचून दाखवतायत त्यांनीसुद्धा ऐका), गोष्ट अमेरिकेतली आहे. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो शहरात जॅक डेम्प्सी नावाच्या तरुणाने जेस विलर्डला हरवून हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यांत वजनदार गटाचा, जागतिक किताब जिंकला. विलर्ड साडेसहा फूट उंच, वजन १११ किलोच्या आसपास. डेम्प्सी जेमतेम ८५ किलो. तरी पहिल्याच फेरीत त्याने विलर्डला सात वेळा खाली पाडलं! पुढची काही वर्षं अमेरिकेत डेम्प्सीच्या नावाचा डंका वाजत होता. १९२१ साली फ्रान्सचा कार्पेंतिए त्याच्याशी लढला, तेव्हा तिकिटांचा गल्ला पहिल्यांदाच दहा लाख डॉलरच्या वर गेला.

त्याच काळात न्यू ऑर्लिन्सचा हॅरी विल्स होता. बंदरावर हमाली करून वाढलेला, सव्वासहा फुटांचा काळा बॉक्सर, ताकदीचा आणि डोक्याने लढणारा. पण त्याच्याशी लढायला कोण तयार होतं? बडे गोरे बॉक्सर टाळायचे, म्हणून काळे बॉक्सर पोटासाठी आपापसातच पुन्हा पुन्हा लढायचे. विल्स आणि सॅम लँगफर्ड हे दोघं पंधरापेक्षा जास्त वेळा एकमेकांसमोर उभे राहिले. त्यात लँगफर्डने त्याला दोनदा नॉकआउट केलं, पण पुढे पुढे विल्सच जिंकत गेला. आज मोठे बॉक्सर वर्षाला एक-दोन झुंजी घेतात आणि दमलो म्हणतात!

डेम्प्सी आणि विल्स लढले का नाहीत, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १९०८ साली जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट जगज्जेता झाला. १९१० मध्ये रीनो इथे त्याने जेफ्रीजला हरवलं, तेव्हा अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली झाल्या, माणसं मेली. ती झुंज भरवली होती टेक्स रिकार्डने, आणि पंचही तोच होता. १९१५ साली हवानात जॉन्सन विलर्डकडून हरला आणि दार बंद झालं. मग १९३७ साली जो लुईने शिकागोत ब्रॅडॉकला हरवलं तोवर, म्हणजे तब्बल २२ वर्षं, एकाही काळ्या माणसाला या किताबासाठी लढूच दिलं नाही. विल्सची उमेदीची सगळी वर्षं नेमकी त्याच २२ वर्षांत गेली. आणि डेम्प्सीच्या मोठ्या झुंजी कोण भरवत होता? तोच टेक्स रिकार्ड.

डेम्प्सीने किताब जिंकल्या जिंकल्या वर्तमानपत्रांत छापून आलं की तो फक्त गोऱ्यांशीच लढेल. पुढे लोकांनी, वार्ताहरांनी विल्सचं नाव लावून धरलं. १९२२ साली दोघांनी करारावर सह्यादेखील केल्या, पण तारीख नाही, जागा नाही, भरवणारा नाही! १९२४ साली रिकार्डने तारीख जाहीर केली. तिकिटंसुद्धा छापली होती असं सांगतात. झुंज झाली नाही ती नाहीच. १९२५ मध्ये पुन्हा करार झाला, विल्सला ५० हजार डॉलर आगाऊ मिळाले. डेम्प्सीच्या सांगण्याप्रमाणे त्याला दिलेला चेक मात्र बँकेत वटला नाही, आणि तेही बारगळलं. विल्सने ते ५० हजार ठेवून घेतले. बरोबरच केलं, मी म्हणतो!

न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी अडून धरलं की आधी विल्सशी लढ, मगच इथे दुसऱ्या कोणाशी. तेव्हा डेम्प्सीची झुंज उचलून फिलाडेल्फियाला नेली. २३ सप्टेंबर १९२६ रोजी तिथे एक लाख वीस हजारांवर माणसांसमोर जीन टनीने गुणांवर डेम्प्सीचा किताब काढून घेतला. त्याआधी तीन वर्षं डेम्प्सी किताबासाठी एकदाही लढला नव्हता.

तीनच आठवड्यांनी विल्स जॅक शार्कीशी लढला. वय ३७. शार्की पुढे होता, आणि तेराव्या फेरीत नियमबाह्य ठोशांसाठी पंचांनी विल्सला बाद केलं. पुढच्या वर्षी स्पेनच्या उझकुदुनने त्याला चौथ्या फेरीत आडवं केलं. आता काही लोक या दोन झुंजी दाखवून म्हणतात, “बघा, विल्समध्ये दम नव्हताच.” हे मला अजिबात पटत नाही. भाकरी तव्यावर करपू द्यायची आणि मग म्हणायचं पीठ वाईट!

मग खरंच झुंज झाली असती तर? माझं प्रामाणिक मत सांगतो, नातवाला आवडलं, तुम्हाला आवडेल न आवडेल. १९२२ च्या सुमारास डेम्प्सीच बहुतेक जिंकला असता. विल्स मिठी मारून लढायचा, पायाने थोडा जड, डेम्प्सी विजेसारखा. पण म्हणूनच डेम्प्सीचं नुकसान जास्त झालं असं मला वाटतं. जिंकला असता तर आज त्याच्या नावापुढे कोणी ‘पण’ लावला नसता. १९५० साली असोसिएटेड प्रेसच्या मतदानात वार्ताहरांनी त्याला अर्ध्या शतकातला सर्वश्रेष्ठ बॉक्सर ठरवलं. आज मात्र जाणकार त्याला तोलायला बसले की विल्सचं नाव निघतंच. डेम्प्सी म्हातारपणापर्यंत सांगत राहिला की मी तयार होतो, वरच्या लोकांनी होऊ दिलं नाही. ते काही अंशी खरंही असेल. पण किताब त्याच्या कमरेला होता. ज्याच्या हातात ‘हो’ म्हणणं असतं, हिशोब त्यालाच विचारतात.

नातवाने लगेच दुसरं उदाहरण काढलं: लेनॉक्स लुइस आणि रिडिक बो. ही गोष्ट मुलांना जास्त आवडेल, कारण यात कचऱ्याचा डबा आहे! १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम झुंजीत कॅनडाकडून लढणाऱ्या लुइसने अमेरिकेच्या बोला दुसऱ्याच फेरीत हरवलं. पुढे दोघं व्यावसायिक झाले. नोव्हेंबर १९९२ मध्ये बोने होलीफील्डला हरवून किताब जिंकला, आणि आता लुइसशी लढायची पाळी आली. डिसेंबरमध्ये बो लंडनला गेला आणि वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा पट्टा सगळ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला! तो किताब लुइसला मिळाला. लोक हसले, पण लुइस तिथे थांबला नाही. दोनदा नॉकआउट झाला, मॅकॉलकडून आणि रहमानकडून, आणि दोघांचंही उट्टं काढलं. १९९९ मध्ये होलीफील्डला, २००२ मध्ये टायसनला हरवलं आणि जगज्जेता असतानाच २००४ साली निवृत्त झाला. बो १९९६ मध्ये गोलोटाच्या हातून दोन झुंजींत भयंकर मार खाऊन बाजूला झाला. त्या दोन्ही झुंजी कागदावर बोच जिंकला होता, कारण गोलोटा कमरेखाली मारल्याबद्दल बाद झाला.

बोची पूर्ण कारकीर्द बघा, व्यावसायिक झुंजीत हरला फक्त एकदा. लुइस दोनदा हरला. तरी मोठा कोण म्हणून विचारलं तर बहुतेक लोक लुइसचं नाव घेतात. लुइसपुढे झुंजायला माणसं होती, वर्षं होती. नाकारलेली झुंज त्याने दुसऱ्यांशी लढून भरून काढली. विल्सकडे ती वाटच ठेवली नव्हती.

आणि उशिरा झालेल्या झुंजीचं काय? मेवेदर आणि पॅकियाओ यांची बोलणी २०१० च्या सुरुवातीला रक्ततपासणीवरून फिस्कटली. अखेर २ मे २०१५ ला लढले तेव्हा एक ३८ वर्षांचा, दुसरा ३६ चा, वर पॅकियाओचा खांदा दुखावलेला. मेवेदर गुणांवर जिंकला. वाद मिटला? छे! “पाच वर्षं आधी झाली असती तर” हे सुरूच आहे.

विल्सचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्याने पैसा उधळला नाही, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात इमारती घेतल्या आणि सुखाने जगला. वर्षातून एकदा तो महिनाभर फक्त पाण्यावर उपास करायचा. (आपण योम किप्पुरला एका दिवसात घड्याळाकडे किती वेळा बघतो ते आठवा!) डिसेंबर १९५८ मध्ये तो वारला. बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये डेम्प्सीला पहिल्याच वर्षी, १९९० साली जागा मिळाली. विल्सला १९९२ साली, मरणानंतर ३४ वर्षांनी.

नातवाच्या यादीत डेम्प्सी अजून पहिलाच आहे. माझ्या यादीत नाही. शब्बाथ सुटला की वाद पुन्हा सुरू होणार. तुमचं मत काय ते जरूर कळवा, मुलांनी हिब्रूत लिहिलं तरी चालेल.